सार न निघणारं पुस्तक

आमच्या घरात नुसतं ऐकून भागत नसे, ऐकलेलं सांगून दाखवावं लागे. श्रावणात वाडीच्या मारुतीच्या देवळात महिनाभर पोथी चालायची आणि पोथीचा अर्थ सांगण्याचा मान आमच्या थोरल्या चुलत्यांकडे होता. त्यांना सगळं घर मोठाबा म्हणायचं. मोठाबांना अक्षराची ओळख नव्हती. वाचणारा दरसाल बदलायचा, पण अर्थ सांगणारे तेच, कारण तीसेक श्रावण ऐकून त्यांना कुठल्या अध्यायात कोण कुणाला शाप देतो हे तोंडपाठ झालं होतं. वाचणारा ओवी संपवून श्वास घ्यायला थांबला की मोठाबा मांडी बदलत, "म्हंजे बरं का" म्हणत आणि सुरू होत. पोथीत राक्षसाला दोन ओळी असल्या तरी मोठाबांच्या तोंडी त्याला मिशा, दोन बायका आणि पोटदुखी हे सगळं यायचं. सकाळी चहाच्या वेळी ते घरातल्या आम्हा सगळ्या भावंडांना ओळीनं बसवून विचारत, कालच्या अध्यायात काय झालं ते सांगा. सांगता आलं तर मूठभर गूळ-शेंगदाणे, नाही आलं तर "ही झोपल्ती" एवढा एकच शेरा. त्यांचा न्याय साधा होता. माणसानं मन लावून ऐकलं असेल तर त्याला सार सांगता येतंच, आणि सांगता येत नसेल तर त्यानं ऐकलेलं नाही.

मी बहुतेक वेळा गूळ-शेंगदाणे मिळवायची. म्हणूनच पुढं जे झालं ते मला इतकं लागलं.

वाटूरच्या फाट्यापासून आमची वाडी पायी अर्ध्या तासावर. आजोबांच्या काळापर्यंत आमचे लोक मेंढरं घेऊन गावोगाव हिंडायचे. आमच्या वेळेपर्यंत थोडी जमीन झाली होती आणि मेंढरं चाळीसेक उरली होती. शेत आणि घरचा कारभार मोठाबा बघायचे, मेंढरं माझ्या वडिलांकडे. आबा. दोघा भावांनी जणू बोलणंही वाटून घेतलं होतं. सगळं मोठाबांच्या वाट्याला गेलं, आबांच्या वाट्याला काहीच आलं नाही. आबा सकाळी वाघूर, म्हणजे मेंढरं कोंडायची ती जाळी, सोडायचे आणि संध्याकाळी बांधायचे. मधल्या वेळात हातात टकळी असायची. चालताना, बसताना, कुणी बोलत असताना लोकरीचा पेळू एका हातात आणि टकळी दुसऱ्या हाताखाली गरगरत. घरात त्यांचा आवाज म्हणजे टकळीचा तो बारीक सर्र असा आवाज. बाकी आवाज मायचे. ती जात्यावर बसली की गायची, चुलीपाशी बसली की चुलीशी बोलायची, आणि कोकरू घरात शिरलं की त्याला नाव घेऊन शिव्या द्यायची. घराला कायम लोकरीचा, भाकरीचा आणि ओल्या मातीचा असा एकत्र वास असे. जालन्याला फ्लॅटमध्ये राहायला येऊन मला आता वीस वर्षं होत आली, पण हिवाळ्यात कपाटातली घोंगडी काढली की तो वास अजून घरभर पसरतो आणि सूनबाई खिडक्या उघडतात.

बारावीनंतर मी परतूरच्या कॉलेजात जायला लागले. वाडीतली पहिलीच मुलगी. मोठाबांनी परवानगी दिली ती एका अटीवर. सकाळच्या एसटीनं जायचं आणि दुपारच्या एसटीनं यायचं, मधे कुठं थांबायचं नाही. ती अट मी तीन महिने पाळली. मंग (बघा, लिहितानासुद्धा हा शब्द असाच येतो, शाळेत तीस वर्षं मराठी शिकवूनही गेला नाही) मला कॉलेजच्या लायब्ररीत एक पुस्तक सापडलं. त्याचं मूळ वेष्टण गेलेलं, वर खाकी पुठ्ठा घातलेला आणि पहिली चार पानं फाटलेली, त्यामुळे नाव कळायला मार्ग नव्हता. मी ते उचललं ते नुसतं जाडजूड होतं म्हणून. घरी गेल्यावर सांगायला भरपूर मिळेल असं वाटलं.

पण त्यात काही घडतच नव्हतं. एक मध्यमवयीन माणूस आजारातून उठून बहिणीच्या घरी राहायला येतो. खिडकीपाशी बसतो. आई सुईत दोरा ओवताना ओठ कसे दुमडायची ते त्याला आठवतं, आणि त्यावर सात पानं जातात. मग बाहेर ऊन उतरतं, बहीण चहा आणते, तो विचार करतो की मला वडिलांबद्दल प्रेम वाटायचं की फक्त भीती, आणि प्रकरण संपतं. पहिल्या दिवशी मला फसल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी मी राक्षसाची वाट बघणं सोडलं. तिसऱ्या दिवशी असं झालं की तो माणूस मनात स्वतःशीच जे उलटसुलट बोलत होता ते वाचताना माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. तोवर मला वाटायचं, वरून एक बोलायचं आणि आत भलतंच चालू असायचं हे फक्त माझ्याच बाबतीत होतं, माझ्यात काहीतरी खोट आहे. हा कोण कुठला माणूस तेच सरळ लिहून बसला होता. पुस्तक घरी नेता येत होतं, पण घरी कामातून वाचायला मिळेना, म्हणून मी लायब्ररीतच बसायला लागले. दुपारची एसटी एकदा चुकली, मग दोनदा, मग मी ती चुकवायला लागले. मायला सांगायची, तास जास्तीचे आहेत.

दिवाळी होऊन गेली होती. एक दिवस वाडीतला एक शेतकरी मोटारीचा पट्टा आणायला परतूरला गेला होता. कॉलेज त्या दिवशी बारालाच सुटलेलं त्यानं पाहिलं आणि परतताना दुपारच्या एसटीत त्याला मी दिसले नाही; मी उतरले पाचच्या एसटीतून. त्यानं मोठाबांना सांगितलं ते चांगल्या मनानंच. मी घरी पोचले तेव्हा मोठाबा ओट्यावर बसलेले, आबा जोत्याला टेकून टकळी फिरवत होते आणि माय दारात उभी होती. बारापासून पाचपर्यंत कुठं होतीस, मोठाबांनी विचारलं. मी पुस्तक वाचत होते म्हणाले आणि पिशवीतून ते काढूनही दाखवलं. मोठाबांनी ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं, वजन पाहिलं आणि माझ्याकडे परत दिलं.

"वाचलं ना? मंग सांग काय झालं त्याच्यात."

"एक माणूस हाय, मोठाबा. बहिणीच्या घरी येतो. खिडकीपाशी बसतो."

"मंग?"

"मंग त्याला जुनं आठवतं."

"ते आठवू दे. होतं काय?"

मी पुष्कळ आठवून पाहिलं. सुई-दोऱ्याचं सांगायला गेले तर सांगता सांगताच ते इतकं फुसकं वाटायला लागलं की मीच मधे थांबले. शेवटी खालमानेनं म्हणाले, "काय होत न्हाई." मायला राहवलं नाही. एवढा मोठा बाप्या नुसता बसून राहतो, त्याला घरात कुणी पाणी आणायला सांगत नाही का, असं तिनं विचारलं. तिला मदतच करायची होती, पण माझं प्रकरण त्यानं आणखी बिघडलं. मोठाबा आबांकडे वळले. "दोनशे पानं आन् काय होत न्हाई. नामा, पोरगी खोटं बोलून राह्यली." आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं. उद्यापासून एसटी बंद, असं ते म्हणाले, आणि मंठ्याकडच्या एका स्थळाचा निरोप आठ दिवसांपासून येऊन पडला आहे, त्यांना बोलावून घेऊ, असंही म्हणाले. आबांची टकळी फिरत राहिली.

मी मागच्या अंगणात जाऊन रडले. रडताना राग येत होता तो एकाच गोष्टीचा. मला खोटंच बोलायचं असतं तर मी मोठाबांना अशी गोष्ट रचून दिली असती की त्यांनी गूळ-शेंगदाण्याचा डबाच पुढं केला असता. मी खरं बोलले म्हणून फसले होते. कॉलेज सुटणार, लायब्ररी सुटणार आणि त्या खिडकीतल्या माणसाचं पुढं काय हेही कधी कळणार नाही, असं वाटून मला त्या पुस्तकाचाही राग आला.

सकाळी एसटीची वेळ टळून गेल्यावर आबा वाघूर सोडता सोडता म्हणाले, "कौसा, ते पुस्तक घे. चल माझ्यासंगं." मायनं भाकरी, ठेचा आणि मिठाच्या पाण्यात उकडलेल्या तुरीच्या शेंगा बांधून दिल्या. आम्ही मेंढरांमागं दुधना नदीच्या बाजूच्या माळावर गेलो.  मेंढरं पांगल्यावर बाभळीच्या सावलीत घोंगडी टाकली, टकळी काढली आणि म्हणाले, वाच.

मी म्हणाले, आबा, ह्यात गोष्ट नाही.

"मला गोष्ट कुठं पाहिजे? एकदा गेलेल्या वाटंनं मेंढरू बराबर जातं. तू आधी वाचलं असशील तर अडखळणार न्हाई. वाच."

ही परीक्षा मोठाबांच्या परीक्षेहून निराळी होती आणि ती मला देता येण्यासारखी होती. मी शाबूत असलेल्या पहिल्या पानापासून वाचायला लागले. आबा मेंढरांकडे बघत ऐकत होते. मधेच जिभेनं टक्‌ असा आवाज काढून एखादं मेंढरू वळवायचे आणि मला हातानं खूण करायचे, चालू दे. पहिला तासभर त्यांनी अधूनमधून विचारलं. ह्याचं लग्न झालंय का? सांगितलेलं नाही. आजार कसला होता? तेही सांगितलेलं नाही. हा उठून बाहेर का जात नाही? मी म्हणाले, माहीत नाही. पुढं त्यांनी विचारणं सोडलं. सुई-दोऱ्याची सात पानं मी जरा घाईनं वाचायला लागले तर म्हणाले, सावकाश. आणि बऱ्याच वेळानं, बिलकुल माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझी माय दोरा जिभेवर ओला करायची." आजीबद्दल ते कधी काही बोलल्याचं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

आज विचार करते तेव्हा वाटतं, त्या पुस्तकाला आबांपेक्षा चांगला वाचक मिळाला नसता. दिवसच्या दिवस माळावर बसून, काही घडत नसताना, स्वतःशीच बोलत काढलेली तीस वर्षं त्यांच्या गाठीला होती. गोष्ट लागते ती माणसांत बसणाऱ्याला. पण हे तेव्हा मला सुचलेलं नाही. तेव्हा मी एवढंच बघत होते की मी कुठं अडखळत तर नाही ना.

भाकरी खाऊन झाल्यावर मी जिथून पुढं वाचायला घेतलं ते प्रकरण मी लायब्ररीत दोनदा वाचलेलं होतं. त्या माणसाचे वडील वारलेले आहेत. घर माणसांनी भरलं आहे, आई, बहीण रडते आहे, तोही रडतो आहे. आणि मनातून त्याचं सगळं लक्ष दारात काढून ठेवलेल्या आपल्या नव्या चपलांकडे आहे. एवढ्या गर्दीत कुणी घालून गेलं तर? वडिलांना खांदा देतानाही तो वळून चपलांकडे बघतो. वीस वर्षं झाली, त्याची लाज गेलेली नाही, आणि हे त्यानं कुणालाही सांगितलेलं नाही.

टकळी थांबली. मला आधी कळलंच नाही; नुसतं काहीतरी कमी झाल्यासारखं वाटलं. वर पाहिलं तर आबांनी पेळू मांडीवर ठेवला होता.

"माझा बाप गेला तवा मी पंधरा वर्षांचा होतो," आबा म्हणाले. "समदी रडून राह्यल्ती. दादा, तुझे मोठाबा, तर जमिनीवर पडल्ते. आन् माझं ध्यान गाभण मेंढीकडं. तिचा दिस भरल्ता. मी इथं अडकलो आन् तिचं कोकरू तिकडं अडकलं तर, एवढंच मनात. बाप म्होरं ठेवलेला, आन् माझ्या डोळ्यांम्होरं कोकरू. तुझ्या मायला बी कधी बोललो न्हाई." मग थोड्या वेळानं म्हणाले, "ह्या माणसाला कसं काय लिहिता आलं?"

 माझ्या तोंडून निघालं ते असं, "कोकराचं काय झालं, आबा?"

"जगलं," ते म्हणाले, आणि हसले. त्यांचे पुढचे दोन दात नव्हते, त्यामुळे ते कमी हसायचे. मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

संध्याकाळी मेंढरं कोंडून आम्ही घरी आलो तेव्हा मोठाबा ओट्यावर वाटच बघत बसले होते. माय चुलीवर चहा टाकून दारात आली. काय नामा, निघालं का काही, असं त्यांनी विचारलं. आबा म्हणाले, पोरीनं वाचलेलं आहे, एका ठिकाणी अडखळली नाही. मोठाबांचं त्यानं समाधान झालं नाही. दिवसभर ऐकून आला आहेस तर तू सार सांग, ते म्हणाले. मला वाटलं, झालं. मला जिथं जमलं नाही तिथं आबांना काय जमणार, ते तर बोलतच नाहीत. आबा जोत्यावर बसले. टकळी काढली नाही. खाली बघत राहिले, आणि मोठाबा मांडी बदलून थांबले, देवळात वाचणाऱ्यासाठी थांबायचे तसे.

"दादा, त्याचं सार सांगायचं म्हणलं तर मला माझंच काही सांगावं लागंल."

"सांग की मंग."

मला अजून आठवतं, आबांनी सांगू नये असं मला वाटत होतं. कारण आबांचा बाप म्हणजे मोठाबांचाही बाप. ज्याच्यासाठी मोठाबा जमिनीवर पडून रडले होते तो. पण आबांनी सांगितलं. आधी पुस्तकातल्या चपला आणि मग आपली मेंढी, दोन्ही एकाच आवाजात, काही न वाढवता. सांगून झाल्यावर म्हणाले, "एवढंच होतं पुस्तकात. दुसरं काय होत न्हाई. पोरगी खरं बोलून राह्यल्ती."

मोठाबा कितीतरी वेळ गप्प बसले. त्यांना गप्प बसलेलं बघायची आम्हा कुणालाच सवय नव्हती. माय पदर तोंडाशी धरून उभी होती. चुलीवर चहा उतू गेला तरी ती हलली नाही. शेवटी मोठाबा बोलले ते आबांशी नाही, समोरच्या अंगणाशी बोलल्यासारखे.

"लाकडं वली होती त्या दिशी. मी पडून रडून राह्यल्तो, आन् मनात एकच, ही लाकडं पेटत्यात का न्हाई."

 दोघं भाऊ तसेच बसून होते. मग मोठाबांनी घसा साफ केला आणि नेहमीच्या कारभारी आवाजात विचारलं, "पोरीची एसटी किती वाजता असती?"

"साडेसातला," माय म्हणाली. मी तोंड उघडायच्या आत.

दुसऱ्या दिवशी मोठाबा माझ्याबरोबर फाट्यापर्यंत चालत आले. असे ते कधी यायचे नाहीत. रस्ताभर पीकपाण्याचं बोलले. ज्वारी चांगली आली आहे, तुरीवर अळी आहे, मंठ्याच्या लोकांना तीन वर्षं थांबा म्हणून निरोप धाडतो. मी सगळ्याला हो हो म्हणत होते. एसटी लांबून दिसायला लागली तेव्हा ते माझ्या जवळ सरकले आणि इकडं तिकडं बघून हळूच म्हणाले, "त्याच्या चपला घावल्या का गं?"

मी म्हणाले, अजून तिथवर वाचलेलं नाही. मी ते पुस्तक पुढच्या दहा दिवसांत संपवलं, निम्मं लायब्ररीत आणि निम्मं रविवारी माळावर आबांना वाचून दाखवत. चपलांचा उल्लेख पुन्हा आला नाही. मोठाबांना तसं सांगितलं तर त्यांनी लेखकाला चांगलंच झापलं. एवढी पानं भरली, दोन ओळी चपलेच्या लिहायला काय झालं होतं, म्हणाले. पुढच्या श्रावणात मात्र गंमत झाली. पोथीत एक राजा पुत्रशोक करतो असा अध्याय होता. वाचणारा थांबला, मोठाबांनी मांडी बदलली आणि म्हणाले, "म्हंजे बरं का, राजा रडून राह्यला, पर मनातून त्याचं ध्यान खडावांकडं." सगळं देऊळ त्यांच्याकडे बघायला लागलं. खांबाला टेकून बसलेले आबा तेवढे खाली मान घालून हसत होते.

मी पुढं शिकले, शिक्षिका झाले, लग्न माझ्या वेळेनं झालं. अशी पुष्कळ पुस्तकं वाचली, काही त्याहून चांगलीही असतील. वर्गात मुलांना धड्याचं सार लिहायला लावताना मला दर वेळी थोडं हसू यायचं. त्या पुस्तकाचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही आणि आता कळावं असं वाटतही नाही.

मोठाबा गेले तेव्हा माझे केस पांढरे व्हायला लागले होते. मी जालन्याहून पोचले तोवर वाडी सगळी दारात जमलेली. ओट्याखाली चपलांचा ढीग पडलेला. मोठाबांना बाहेर आणलं, बायकांनी हंबरडा फोडला, मीही रडत होते, आणि रडता रडता मी त्या ढिगात वाकून मोठाबांच्या टायरच्या तळाच्या जुन्या चपला शोधत होते. गर्दीत चुकून कुणी घालून जाईल ह्या एकाच काळजीनं. सापडल्या तशा त्या उचलून मी कोनाड्यात ठेवल्या. मागं वळले तर आबा जोत्याला टेकून माझ्याकडेच बघत होते. त्यांना तेव्हा धड उभंही राहता येत नव्हतं. डोळे पुसत त्यांनी हळूच विचारलं, "घावल्या का?"

"घावल्या, आबा," मी म्हणाले.